केसपेपरावरचा रिकामा रकाना

डॉक्टरसाहेब, चूक तुमची आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला खिडकीबाहेर बघायची सोय राहणार नाही. तुमच्या टेबलावर केसपेपर होता. गुजरातीत छापलेले पाच रकाने. नाव, वय, वजन, पत्ता, आणि पाचवा ‘वडिलांचा व्यवसाय’. चार भरून आले होते. पाचव्यावर तुमचं पेन टेकलंसुद्धा नाही, सरळ खाली उतरून औषध लिहायला लागलात. समोर बाप उभा होता. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि जरा जास्तच सांगितलं असतं, कारण आपल्या कामाबद्दल बोलायला भाईदासला फार आवडतं. पण तुम्ही विचारलं नाही, आणि त्या बोटभर रिकाम्या जागेपायी एका घराने सात महिने दुधी भोपळा खाल्ला.

भाईदास सुरतेजवळ पलसाण्याच्या एका कापड मिलमध्ये फोल्डिंग खात्यात आहे. रंगून, छापून, कडक होऊन आलेल्या कापडाची घडी घालायची, डाग तपासायचे, ताग्याच्या शेवटचा वेडावाकडा तुकडा कापून बाजूला टाकायचा. दहा वर्षं हेच. डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला तरी तो कापडाचा दर्जा सांगतो. राहायला सुरतेत, लिंबायतमध्ये, चाळीच्या एका खोलीत. बायको छाया आणि मुलगी हर्षदा. ते कापून टाकलेले तुकडे फोल्डिंगवाल्यांना घरी न्यायला मिळतात. बाकीचे त्यांना चिंध्या म्हणतात. भाईदास म्हणत नाही. कोणी म्हटलं तर तो दोन दिवस त्या माणसाशी बोलत नाही.

आता एक जुनी रीत आहे, ती तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्या खानदेशात लेकरू जन्मलं की त्याला नवं कापड घालत नाहीत. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडायचं आणि त्याची झबली शिवायची. भाईदासच्या आईने, इंदुबाईने, नात होणार म्हणून एक अख्खं लुगडं बाजूला काढून ठेवलं होतं. भाईदासने ते तसंच परत पाठवलं. म्हणाला, “कापडाच्या शहरात राहतो मी. माझ्या पोरीने जुनेर घालायचं? लोक काय म्हणतील?” लोक काहीच म्हणणार नव्हते. लिंबायतमध्ये लोकांना दुसऱ्याच्या झबल्याकडे बघायला वेळ कुठे आहे? पण भाईदासचा मान असा नाजूक आहे की तो कोणी दुखावला नाही तर स्वतःच दुखावून घेतो.

तेव्हापासून हर्षदाला दर चार दिवसांनी नवं झबलं. छाया मशीनवर बसायची, तुकडे जुळवायची. लाल फुलांची बाही, निळी पाठ, पिवळा घेर. एक मळलं की दुसरं. धुऊन पुन्हा घालायची वेळच येत नसे. मळलेल्याचं पोतेरं व्हायचं. भाईदास पोरीला कडेवर घेऊन चाळीत फिरायचा आणि म्हणायचा, “शेठच्या पोरीला तरी आठवड्यात दोन नवे फ्रॉक मिळतात का, सांगा.” नव्या गठ्ठ्याची गाठ सोडली की डोळ्यांत चरचर व्हायची, नाक चुरचुरायचं. त्याला वाटायचं, हा नवेपणाचा वास.

पोरगी सव्वा वर्षाची झाली आणि खाजवायला लागली. आधी काख, मग मान, मग पोट. लाल चट्टे, वर बारीक पुरळ, आणि त्यावर तिची चिमुकली नखं. रक्त काढायची. छायाने तिच्या हातांना मोजे शिवले. कशाचे, ते आता सांगायला नको.

तर ते तुमच्याकडे आले. तुमच्याकडे येणं म्हणजे काय, तेही जरा ऐका. एक नंबर खिडकीवर केसपेपर मिळतो, पण त्यावर वजन असल्याशिवाय दोन नंबर खिडकी नंबर देत नाही. वजनाचा काटा आतल्या खोलीत, आणि आतल्या खोलीत नंबर असल्याशिवाय सोडत नाहीत. भाईदासने खिडकी आणि खोली यांच्यामध्ये पाच फेऱ्या घातल्या. शेवटी शिपायाला कीव आली. या धावपळीत एक नंबरवाल्याने हर्षदाच्या नावापुढे ‘पुरुष’ लिहून टाकलं. भाईदास म्हणाला, “भाई, ही मुलगी आहे.” तो म्हणाला, “सुधारा माटे अरजी आपो, साथे राशनकार्ड.” दुरुस्तीलाही अर्ज! राशनकार्ड गावाकडचं, पारोळ्याजवळच्या खेड्यातलं. “महाराष्ट्रनुं नहीं चाले.” म्हणजे गुजरातच्या दृष्टीने हर्षदा मुलगाच राहिली. पुढचे सात महिने सगळी औषधं एका मुलाने घेतली, खाज मात्र मुलीचीच होती.

तुम्ही पोट पाहिलं, मान पाहिली. मान तर खालीच होती, तुमची. “खोराकनी एलर्जी लागे छे,” म्हणालात आणि लिहिलंत: दूध बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद, मासे बंद, गहू बंद. वर एक मलम. पुढचा!

छायाने घरी येऊन जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, त्यावर ही पाच नावं लिहिली आणि भिंतीला टांगलं. तिथेच चूक झाली. भिंतीवरची यादी म्हणजे चाळीला आमंत्रण.

शेजारच्या शोभाबाई आल्या. चोपड्याकडच्या, चाळीत सर्वांत जुन्या. त्यांच्या परवानगीशिवाय नळालाही पाणी येत नाही असा त्यांचा समज. यादी वरून खाली वाचून म्हणाल्या, “आणि वांगं?”

“डॉक्टरांनी वांगं नाही सांगितलं, मावशी,” छाया म्हणाली.

“त्याला काय कळतं वांग्यातलं! वांग्यानेच खाज येते. लिही. आणि आंबट लिही. गूळ लिही, गूळ गरम असतो.”

मग सुकलाल आला. सुकलाल लूमवर असतो, पण त्याआधी चार महिने एका दवाखान्यात फरशी पुसायला होता. त्यामुळे चाळीत आजारपणाच्या बाबतीत अखेरचा शब्द त्याचा. पोरीची जीभ बघून त्याने डोळे मिटले, जरा वेळ गेला, आणि म्हणाला, “उडीद.” एवढंच. जणू खुनी सापडला. जाताना दारातून वळून म्हणाला, “हरभऱ्याची डाळपण. आणि केळं देऊ नको बरं का, वहिनी, केळं कफ धरतं.” खाजेचा आणि कफाचा संबंध विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. गोड गोळ्या देणाऱ्या एका होमिओपॅथीवाल्याने कांदा-लसूण बंद केलं. पान भरलं.

उरलं काय? भात, मूग आणि दुधी भोपळा. दुधीशी कोणाचं वैर नव्हतं म्हणून तो वाचला.

पोरगी बापाच्या ताटात हात घालायची. म्हणून छायाने ठरवलं, जे पोरीला नाही ते घरात नाही. दाण्याच्या कुटाशिवाय खानदेशी घर! भाईदास मिलमध्ये डबा उघडायचा तेव्हा चार जण वाकून बघायचे. पांढरा भात, त्यावर फिक्कट दुधी.

“काय भाईदास,” बरोबर काम करणारा राघो म्हणाला, “पोरगी आजारी आहे की तू बाळंत झालास?”

सगळं खातं हसलं. भाईदास मान वर करून जेवला. पण एकदा त्याचा धीर सुटला. हायवेवरच्या ढाब्यावर तो राघोबरोबर शेवभाजी जेवला, लाल तर्रीची. तीनदा हात धुतले, वर पान खाल्लं. घरी आला, छायाने शिवून ठेवलेलं नवं झबलं पोरीला घातलं, मांडीवर घेतलं. पोरीने त्याचा हात नाकाशी नेला, आणि बोट तोंडात घालून असं चोखायला लागली की छाया बघतच राहिली.

“कुठे जेवलात?”

भाईदास बोट सोडवायला लागला. बोटच सगळं सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या अंगावर चट्टे उठले. भाईदासने भरलेल्या पानाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘शेव’. आणि आठ दिवस तो चाळीत खाली मान घालून हिंडला. शोभाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “बापाच्या जिभेपायी लेकराचे हाल.”

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण मुलगी वाळत चालली होती. नऊ किलोची पोर आठवर आली. उभी राहायची ती बसून राहायला लागली. झबली तीच, त्याच मापाची, आणि पोरगी त्यांच्यात हरवायची. छाया रोज संध्याकाळी तिचं मनगट आपल्या दोन बोटांच्या कडीत धरून बघायची. कडी मोठी होत नव्हती, मनगट लहान होत होतं. तेव्हा भाईदास तिच्याकडे बघायचा नाही.

ऑगस्टात ते पुन्हा तुमच्यासमोर उभे राहिले. तुम्ही वजन वाचलंत आणि पहिल्यांदाच मान वर केलीत. छायावर ओरडलात, “बेन, छोकरीने खवडावता नथी के शुं?”

छायाने पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून तुमच्या टेबलावर पसरलं. तुम्ही वाचलंत.

“आ कोणे लख्युं?”

“पहिली पाच तुमची,” छाया म्हणाली.

“अरे, मैंने तो थोड़ा परहेज बोला था!” मग केसपेपर पाहून तुम्ही आणखी चिडलात, “आ तो बाबो छे! बेबीनो कागळ क्यां?” साहेब, त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून छाया रडली. सात महिने तिने काय शिजवलं याची झडती चाळीने घेतली, मिलने घेतली, सुकलालने घेतली, आणि शेवटी ज्याने बंद करायला सांगितलं त्यानेच विचारलं, खायला का घालत नाही?

सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधून शहर पळालं. मिल बंद, लूम बंद. केळी उतरवून खानदेशात रिकामा परतणारा ट्रक सुकलालने थांबवला आणि अर्धी चाळ त्यात चढली. कपड्यांची पेटी राहिली, कॅलेंडर राहिलं. हर्षदाच्या अंगावर होतं तेवढंच झबलं, आणि तेही नवापूरच्या घाटात ओकारीने भरलं.

गावात इंदुबाईने पोरीला पाहिलं आणि भाईदासकडे वळली. “पोरले उपाशी माराकरता सुरतले लई गया का रे तू?”

“माय, तिला पथ्य आहे. दूध नाही, शेंगदाणे नाही, वांगं नाही...”

“मंग काय वारा खास का ती?”

म्हातारीने पोरीला न्हाऊ घातलं. घालायला काही नव्हतं, म्हणून फडताळातून लुगडं काढलं. तेच, परत आलेलं. टर्रकन फाडलं, दोन टाके घातले, पोरीच्या डोक्यातून सोडलं. रंग गेलेलं, ना निळं ना पांढरं. भाईदासला लाज वाटली. म्हणाला, “पारोळ्याहून नवं आणतो, माय.”

“ऱ्हाऊ दे. नवं कापड तिन्हा आंगले बोचस. पोर शे ती, मूर्ती नही नवं वस्त्र चढावाले.”

भाईदासने ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारी बोलतच असते.

मग म्हातारीने पोरीला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दुधात कुस्करून दिली. भरीत दिलं. दाण्याची चटणी बोटाला लावून दिली. भाईदास घड्याळ हातात धरून समोर बसला होता, आता उठतील, आता उठतील म्हणून. काही उठलं नाही. अंड्याने मात्र उठलं. पाचव्या दिवशी अंडं दिलं, तर ओठ फुगले, तोंडाभोवती चट्टे आले. म्हातारी घाबरली, अंडं कायमचं बंद केलं. म्हणजे साहेब, तुमच्या पाचांतलं एक खरं निघालं. ते नाकारायचं नाही. पण पाचांतलं एक कोणतं, ते शोधायचं काम तुमचं होतं, ते एका अंगठेबहाद्दर म्हातारीने पाच दिवसांत केलं.

बाराव्या दिवशी पोरीच्या पोटावर चट्टा नव्हता. पंधराव्या दिवशी ती कोंबडीमागे धावली. छाया ओसरीवर बसून नुसती बघत होती, आणि तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.

आता याचं कारण काय? भाईदासने विचार केला, आणि त्याला वाटलं, पाणी. परतताना त्याने विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन बरोबर घेतले. एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, “यांचं तिकीट लागेल.” भाईदास म्हणाला, “पाणी आहे.” कंडक्टर म्हणाला, “सुरतेत पाणी नाही का?” यावर भाईदासने दोंडाईचापर्यंत त्याला पोरीचा पूर्ण इतिहास सांगितला, आणि कंडक्टरने हात जोडून कॅन फुकट नेले. चाळीत पोचल्यावर शोभाबाई म्हणाल्या, “बघू, कसं आहे,” आणि पेलाभर प्यायल्या. सुकलाल प्यायला. ज्याला ज्याला काही दुखत होतं तो प्यायला. दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅन रिकामे.

पण पोरगी छानच होती. दिवाळी आली. पेटी उघडली, वरच पिवळं झबलं होतं, प्लेगच्या आधी शिवलेलं, घडी न मोडलेलं. भाईदासने स्वतः ते पोरीला घातलं. “जुनेर काढ तिचं, सणाचा दिवस आहे.”

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा खाजवायला लागली.

छायाने डोकं धरलं. शोभाबाई हजर. “फराळात काय दिलं? चकली दिली? बेसन दिलं?” छाया कॅलेंडर घ्यायला उठली. भाईदासने पोरीला खिडकीपाशी नेलं, झबलं वर केलं आणि पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, डाग तपासायला कापड उजेडात धरतात तसं. चट्टे दंडावर होते, आणि बाही जिथे संपते तिथे संपत होते. सरळ रेषेत. मानेला गोल, गळ्याच्या मापाचे. पायांवर एकही नाही. खाल्ल्याने उठलेलं पुरळ असं मापात बसत नाही. या खाजेला काठ होता, साहेब. दहा वर्षं कापडाचे काठ जुळवणाऱ्या माणसाला तो सात महिने दिसला नव्हता.

त्याने स्वतःचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्या लाल, कातडीला भेगा, मनगटापर्यंत खरबरीत. राघोचे तसेच. सगळ्या खात्याचे तसेच. मिलमध्ये सगळेच खाजवतात, म्हणून तिथे खाजेला कोणी आजार म्हणत नाही. हात धुणं, विडी ओढणं, तसंच खाजवणं. त्याने पिवळं झबलं नाकाशी धरलं. डोळ्यांत चरचरलं. हा नवेपणाचा वास नव्हता, कापड कडक करायला मिलमध्ये लावतात त्या रसायनाचा होता.

“छाया,” तो म्हणाला, “मायचं जुनेर कुठे आहे?”

तिने दोरीवरून आणून दिलं. त्याने पोरीला ते घातलं, आणि पेटीतली सगळी झबली बाहेर काढायला लागला. लाल, हिरवी, फुलांची. कपाळाला आलेला घाम पुसायला त्याने हातात आलेलं झबलं उचललं आणि मध्येच थांबला.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “तुझी नव्हती.”

छायाने त्याच्या हातातलं झबलं काढून घेतलं. मग म्हणाली, “इतके दिवस सगळे मला विचारत होते, काय खाऊ घातलं. अंगावर काय घातलं, ते एकानेही विचारलं नाही.” आणि शोभाबाईंकडे वळून म्हणाली, “मावशी, आज वांगं करणार आहे. खायचं असेल तर बसा.”

शोभाबाई बसल्या. दोन वेळा भाजी घेतली आणि म्हणाल्या, “मी तर आधीपासून सांगत होते, कापडाचंच काहीतरी आहे.”

सहा दिवसांत चट्टे बसले. अंडं नाही, मिलचं कोरं कापड नाही. बाकी पोरगी सगळं खाते, आणि शेवभाजी बापापेक्षा जास्त खाते.

भाईदास एक रजा टाकून पुन्हा तुमच्याकडे आला, एकटाच. पिवळं झबलं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. त्याला वाटलं, तुम्हाला सांगावं. लिंबायतमधून, डिंडोलीतून असल्याच झबल्यांतली किती पोरं तुमच्याकडे येत असतील. तुम्ही पिशवी उघडली नाहीत. म्हणालात, “नवुं कपडुं छे ने? तो चोख्खुंज होय.” तो म्हणाला, “साहेब, निदान केसपेपरवर लिहा. बापाचा व्यवसाय, कापड मिल.” तुम्ही म्हणालात, “ए खानुं कोई भरतुं नथी.” म्हणजे तो रकाना कोणी भरतच नाही. मग त्याने तुमच्यासमोर दोन्ही हात पसरले. तुम्ही पाहिलेत, आणि म्हणालात, मोठ्यांची ओपीडी मंगळवारी असते. मंगळवारी मिल चालू असते, साहेब.

तो केसपेपर अजून भाईदासकडे आहे. त्यावर हर्षदा अजून पुरुष आहे, वजन अजून आठ किलो आहे, आणि पाचवा रकाना अजून रिकामा आहे. पोरीचं झबलं बदलता आलं, कारण गावी एक म्हातारी होती आणि तिच्या फडताळात एक जुनं लुगडं होतं. भाईदासच्या हातांना कोणतं जुनेर गुंडाळायचं? राघोच्या? आणि ज्या पोरांना आजी नाही, त्यांच्या घरी आज कोणती यादी भिंतीवर टांगलेली आहे?

भरायचा नव्हता तर तो रकाना छापलात कशाला? सांगा, साहेब. मंगळवारी नको, आज सांगा.